कुलूप लागण्याआधी पालकांना सांगा

नोकरीच्या काळात मी पुष्कळ प्रशिक्षणं केली. पटनोंदणी, पोषण आहाराचा हिशोब, युडायसची माहिती, मूल्यमापन, अगदी शाळेतल्या परसबागेचंसुद्धा. पण शाळा बंद होण्याची वेळ आली तर ते पालकांना कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मला कुणी कधी शिकवलं नाही. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात आधी शिक्षिका आणि मग केंद्रप्रमुख म्हणून माझी सगळी नोकरी गेली. दहा-बारा पोरांच्या शाळा आमच्याकडे वाडीगणिक. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर यायचाच होता, आणि आला.

निवृत्तीनंतर तो पुन्हा समोर उभा राहिला तो काशीत. मुलगी इथे विद्यापीठात नोकरीला आहे, म्हणून वर्षातले काही महिने मी तिच्याकडे असते. 2025 च्या पावसाळ्यात गंगा इतकी चढली की दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या आणि संध्याकाळची आरती घाटावरून इमारतीच्या छतावर न्यावी लागली. दोन्यात फुलं आणि दिवा ठेवून विकणाऱ्या बायका वरच्या रस्त्यावर येऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीकडून मी नेहमी दोना घेते. तिची दोन मुलं गावाकडे सासूजवळ राहून शिकतात. त्या दिवशी ती मला म्हणाली, "माताजी, तुम्ही मास्तरीण होतात ना? मग सांगा, आमची शाळा गेली कुठे?"

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलं शाळेत गेली, तेव्हा त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत जायला सांगितलं होतं. सासू लिहायला-वाचायला शिकलेली नाही. तिला वाटलं, नातवांना शाळेतून काढून टाकलं. तिने मुलांना मारलं, काय केलंत म्हणून विचारलं. चार दिवसांनी शेजाऱ्याने खरं काय ते सांगितलं. नातवांनी काहीही केलेलं नव्हतं. आजी अजून त्यांच्याकडे बघून रडते, असं ती बाई सांगत होती. त्या शाळेचं पुढे काय व्हावं, यावर तिचं स्वतःचं असं मत नव्हतं. आपल्याला आधी कुणी काही बोललं का नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

झालं होतं ते असं. 16 जून 2025 रोजी उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षा विभागाने कमी पटाच्या परिषदीय शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश काढला. पन्नासपेक्षा कमी मुलांच्या शाळांवर त्याचा रोख होता. जुलैच्या सुरुवातीला शाळा भरल्या. म्हणजे आदेश निघाला तो सुट्टीत आणि अंमल आला तो नव्या वर्षाच्या तोंडावर. मुलं आजोळी, मजूर आईबाप कामाच्या गावी, वर्ग रिकामे. पालकांना एकत्र गाठणं वर्षातल्या ज्या दिवसांत सगळ्यांत अवघड, नेमक्या त्याच दिवसांत हे सगळं घडलं.

सीतापूर जिल्ह्यातली 51 मुलं या आदेशाविरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात गेली. 7 जुलैला एकल न्यायाधीशांनी याचिका फेटाळल्या. 24 जुलैला द्विसदस्यीय पीठाने सीतापूरपुरती परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितली. महिना संपता संपता राज्याच्या शिक्षण मंत्र्यांनी जाहीर केलं की एक किलोमीटरपेक्षा लांबच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत आणि पन्नासपेक्षा जास्त पट असलेल्या शाळांनाही हात लावणार नाही.

याच बातमीपाशी मी थांबले. मधे ओढा किंवा रस्ता लागतो का, अंतर किती, पट किती, हे तपासायचंच होतं तर ते आदेशाआधी गावात बसून तपासता आलं असतं. त्यासाठी मुलांना न्यायालयाची पायरी चढावी लागायला नको होती. जुलैअखेर जे मंत्र्यांनी सांगितलं, तेच मे महिन्यात शाळेच्या ओट्यावर बसून एखाद्या आईने सांगितलं असतं. तिला कुणी विचारलं नाही.

दशाश्वमेधहून गोदौलियावरून रिक्षाने दक्षिणेकडे गेलं की दुर्गाकुंड लागतं. तिथे 1972 पासून हनुमान प्रसाद पोद्दार अंध विद्यालय आहे. पूर्वांचलातल्या आणि शेजारच्या बिहारमधल्या गरीब घरांतली दृष्टिहीन मुलं इथे राहून शिकत आली. 2020 च्या जूनमध्ये, टाळेबंदीमुळे मुलं आपापल्या गावी असताना, नववी ते बारावीचे वर्ग बंद करण्याचा निर्णय झाला. पैसा कमी पडतो, हे कारण दिलं गेलं. पुढच्या वर्षी, 2021 च्या पावसाळ्यात, ही मुलं दुर्गाकुंडच्या रस्त्यावर बसली आणि आठवड्यांमागून आठवडे बसून राहिली. पांढऱ्या काठ्या घेतलेली ती मुलं रस्त्यात बसलेली ज्यांनी पाहिली, ते लोक अजून त्याबद्दल बोलतात.

विद्यालय चालवणाऱ्या ट्रस्टजवळ पैसा होता की नव्हता, यावर मी बोलणार नाही, कारण ते हिशोब मी पाहिलेले नाहीत. माझं म्हणणं निराळं आहे. आठवीपर्यंत ब्रेलमध्ये शिकलेल्या मुलाला नववीसाठी दुसरी निवासी शाळा शोधायची म्हणजे वर्ष-दोन वर्षांची तयारी लागते. डोळस मुलाला गावाशेजारची शाळा चालते, त्याला ती चालत नाही. अशा मुलाच्या घरी ही बातमी शाळेच्या माणसाने स्वतःच्या आवाजात पोचवायला हवी, आणि त्याच वेळी पुढची शाळा कोणती, तिथे जागा आहे का, वसतिगृह आहे का, याचं उत्तर सोबत असायला हवं. बंद करण्याचा दिवस ठरवताना मुलाच्या नव्या प्रवेशाचा दिवसही ठरला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,300 च्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय आला. 2023 च्या सप्टेंबरमध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्त कार्यालयाने जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हा राज्यात अशा 14,783 शाळा होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुलं शिकत होती. प्रस्ताव पाठवायला दिलेली मुदत महिन्याभराचीही नव्हती. एवढ्या दिवसांत तालुक्याचा अधिकारी तक्ते भरू शकतो, वाड्यावस्त्यांवर जाऊन पालकांशी बोलू शकत नाही. मग पालकांना बातमी कळते ती वर्तमानपत्रातून, नाहीतर चावडीवर. इगतपुरी तालुक्यात भाम धरणामुळे उठलेल्या दरेवाडीच्या मुलांनी 2022 मध्ये आपली शाळा गेल्यावर नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मोर्चा नेला. दप्तरं परत घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे बोलावं लागलं, याची मला शिक्षिका म्हणून लाज वाटते.

अधिकाऱ्यांची कारणं खोटी नसतात, हेही सांगितलं पाहिजे. पाच इयत्ता, सात मुलं आणि एकच गुरुजी अशी शाळा मी जवळून पाहिली आहे. गुरुजी बैठकीला गेले की शाळा बंद. दुसरीत एकटीच मुलगी असते, तिला बरोबरीने पाढे म्हणायला कुणी नाही. कबड्डीला दोन संघ होत नाहीत. प्रत्येक लहान शाळा कायम राहिलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. पण ती बंद करायची की नाही हे ठरवण्यासाठी लागणारी निम्मी माहिती पालकांकडेच असते, आणि ती कोणत्याही तक्त्यात येत नाही. म्हणून त्यांच्याशी आधी बोलायचं.

2017 च्या त्या निर्णयानंतर आमच्या केंद्रातल्या एका वाडीचं नाव यादीत आलं. पट नऊ. मी वरिष्ठांना विनंती केली की पालकसभा होऊन इतिवृत्त येईपर्यंत पुढचा कागद काढू नये. त्यांनी ऐकलं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. सभा सकाळी अकराची ठेवली असती तर सही करण्यापुरते दोन पुरुष आले असते. ती आम्ही धारा काढून झाल्यावर, संध्याकाळी, भैरोबाच्या देवळात ठेवली. कारण शाळेच्या वर्गात बायका मागे उभ्या राहतात आणि बोलत नाहीत, देवळाच्या ओसरीवर मात्र त्या ऐसपैस बसतात.

मी सरळ सांगितलं की यादीत शाळेचं नाव आहे, निर्णय अजून झालेला नाही, आणि तुम्ही आज जे बोलाल ते तुमच्याच शब्दांत लिहून वर जाईल. पहिला अर्धा तास नुसता राग होता. एक आजोबा म्हणाले, ही जागा माझ्या बापाने शाळेला दिली, आता तिथे काय गुरं बांधणार? राग येऊ द्यावा लागतो. मधेच समजूत घालायला गेलं की माणसं गप्प होतात, आणि गप्प झालेली माणसं मग ठरावाच्या विरोधात जातात किंवा कोर्टात.

राग निवल्यावर बायकांचे प्रश्न सुरू झाले. त्यांतला एकही प्रश्न शिक्षणाच्या दर्जाबद्दल नव्हता. खालच्या गावच्या शाळेला जाताना ओढा लागतो, तो आषाढात किती चढतो हे तुम्हाला माहीत आहे का? पहिलीच्या पोराचं बोट कोण धरणार, तिसरीतली बहीण? जेवण तिथे मिळेल, पण आमच्या पोरांच्या ताटल्या वेगळ्या मांडणार नाहीत ना? हा शेवटचा प्रश्न जिने विचारला, तिने तो खाली बघून विचारला. सभेतल्या सगळ्यांना तो समजला. मी तो जसाच्या तसा लिहून घेतला, कारण खालच्या गावच्या मुख्याध्यापकांना त्याचं उत्तर द्यावंच लागणार होतं.

मग जनरल रजिस्टरचा प्रश्न निघाला. आपल्या घरात जातीचा दाखला काढायचा झाला की आजोबांची शाळेतली नोंद लागते. शाळा गेली तर ते जुनं रजिस्टर कुठे जाणार, आणि त्याचा उतारा कोण देणार? असा प्रश्न पडेल हे वरच्या कार्यालयात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी सगळ्यांत शेवटी तोंड उघडलं. त्यांचं मानधन तुटपुंजं, पण त्यांच्या घरात येणारा तोच एक नियमित पैसा होता. शिक्षकाचं समायोजन होतं, त्याला दुसरी शाळा मिळते. खिचडी शिजवणारीचं समायोजन कुठल्याच कागदात नसतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन त्या वाटेने चाललो. नकाशावर अंतर एक किलोमीटरच्या आत बसत होतं. पहिलीतलं पोर दप्तर घेऊन चालायला लागल्यावर त्या अंतराला चढ होता, शेवाळ होतं आणि ओढा होता. बांधकाम खात्याचे एक अभियंते आमच्यासोबत आले. ओढ्यावर साकव होईपर्यंत शाळा हलवू नये, असं इतिवृत्तात नमूद झालं. त्या वर्षी शाळा राहिली. पुढे पट तीनवर आला, साकवही झाला होता, तेव्हा पालक स्वतःच आले आणि म्हणाले, बाई, आता पोरं खाली घाला. खालच्या शाळेने पहिल्या दिवशी या मुलांना वर्गात गटागटाने न बसवता सगळ्यांत मिसळून बसवलं, ताटंही एकत्र मांडली. शाळा बंद झाल्याचं दुःख वाडीला झालंच. फसवल्याची भावना मात्र कुणाच्या मनात राहिली नाही.

कायदा या बाबतीत पालकांना वाटतो त्यापेक्षा बराच त्यांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार घराजवळ शाळा उपलब्ध करून देणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर धरलं आहे. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. कलम 5 सांगतं की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच दिला पाहिजे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मात्र शाळा बंद करण्याआधी पालकांचं म्हणणं किती दिवस, कसं ऐकायचं आणि त्याला लेखी उत्तर कसं द्यायचं, याची स्पष्ट वाट हा कायदा घालून देत नाही. त्यामुळे सगळं त्या त्या अधिकाऱ्याच्या माणुसकीवर राहतं. माझे वरिष्ठ समंजस होते म्हणून आमच्या वाडीला वेळ मिळाला. वेळ मिळणं हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही.

स्कॉटलंडने 2010 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. शाळा बंद करायचा विचार असेल तर तिथल्या स्थानिक परिषदेला आधी एक प्रस्ताव छापावा लागतो आणि त्यात मुलांच्या शिक्षणाला यातून काय लाभ होईल ते लिहावं लागतं. नुसती खर्चाची बचत दाखवून भागत नाही. त्यानंतर किमान सहा आठवडे लोकांचं म्हणणं ऐकायचं, आणि त्यात शाळेचे प्रत्यक्ष भरलेले 30 दिवस आलेच पाहिजेत. म्हणजे सुट्टीत प्रस्ताव काढून सुट्टीतच मुदत संपवता येत नाही. जाहीर सभा घ्यावी लागते. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल तसं विचारावं लागतं. शाळा तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आपला अहवाल देते. शेवटी कोण काय म्हणालं आणि आम्ही त्यावर काय ठरवलं, हे परिषदेला छापून लोकांसमोर ठेवावं लागतं, आणि त्यानंतर तीन आठवडे गेल्याशिवाय अंतिम निर्णय घेता येत नाही. खेड्यातल्या शाळेच्या बाबतीत तर ती चालू राहावी असंच गृहीत धरून सुरुवात करायची. एकदा प्रस्ताव बारगळला की पाच वर्षं साधारणपणे तो पुन्हा आणता येत नाही, त्यामुळे गावाच्या डोक्यावर दरवर्षी टांगती तलवार राहत नाही. यातली एकही गोष्ट आपल्याला न परवडणारी नाही. भरलेल्या शाळेचे 30 दिवस, एक सभा आणि एक लेखी उत्तर, याला वेगळा निधी लागत नाही.

नुसत्या सभा घेऊनही भागत नाही, हे अमेरिकेतल्या शिकागोने दाखवलं. तिथे 2013 मध्ये एका फटक्यात 50 च्या आसपास शाळा बंद झाल्या. सुनावण्या झाल्या, शेकडो पालक बोलले, तरी यादी जवळजवळ तशीच राहिली. पाच वर्षांनी शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनात आपली शाळा गमावल्याचं दुःख होतंच, आणि स्थलांतराची तयारी घाईत झाली असंच ते सांगत होते. विचारायचं असेल तर उत्तर बदलण्याची तयारी ठेवून विचारावं. आधीच ठरवलेल्या गोष्टीवर मत मागवण्यापेक्षा ती ठरली आहे असं प्रामाणिकपणे सांगावं आणि पुढच्या सोयीबद्दल बोलावं. पालक कठोर बातमी सहन करतात, नाटक सहन करत नाहीत.

आणि मुलांशी बोला. आपण सगळे मोठ्यांशी बोलतो आणि मुलांना गृहीत धरतो. त्या दोनेवालीच्या मुलांना चार दिवस वाटत राहिलं की आपल्याच हातून काही चूक झाली. वर्गशिक्षकाने एकदा त्यांना समोर बसवून सांगितलं असतं की यात तुमची काही चूक नाही, तुमचं नाव दुसऱ्या शाळेच्या हजेरीत असेल, तुमच्यासोबत वर्गातले हे-हे मित्र असतील आणि अमुक बाई तुम्हाला गेटवर घ्यायला येतील, तर त्या घरातलं रडणं टळलं असतं. हे पाच मिनिटांचं बोलणं आहे. ते शिक्षकाने करावं, मोबाइलच्या गटावर आलेल्या पत्रकाने नाही.

मी त्या बाईला गावच्या शाळेच्या प्रधानाध्यापकांना देण्यासाठी एक अर्ज लिहून दिला. हिंदीत, साध्या भाषेत. जुन्या शाळेच्या इमारतीचं काय होणार, मुलांच्या येण्याजाण्याची सोय काय, दाखले कधी मिळणार, आणि समितीची पुढची सभा कोणत्या तारखेला आहे, एवढंच त्यात विचारलं. तिने तो फुलांच्या टोपलीत नीट ठेवला.

तुमच्या गावच्या किंवा वाडीच्या शाळेचा पट वीसच्या खाली आला असेल, तर पत्र येण्याची वाट बघू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्याकडून कोण आहे ते विचारा, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला मागा, आणि या महिन्याच्या सभेला जा. जाताना घरातल्या बाईला सोबत न्या. ओढा किती चढतो हे तिलाच माहीत असतं.